मेमोरियल डेआधी सोसायटीचा स्विमिंग पूल: आधी कागद, मग पाणी

न्यू जर्सीत एचओएच्या, म्हणजे सोसायटीतल्या घरमालकांच्या संघटनेच्या, बोर्डावर नवा माणूस आला की त्याच्या गळ्यात हमखास पूल कमिटी पडते, कारण जुन्यांपैकी कुणालाच ती नको असते. यंदा ती तुमच्याकडे आली असेल, तर मेच्या शेवटच्या सोमवारी येणाऱ्या मेमोरियल डेला पूल उघडायचा म्हणून एप्रिल संपायच्या आत कामाला लागा. बहुतेक जण कव्हर काढून पाणी भरण्यापासून सुरुवात करतात. माझं म्हणणं, ज्या कामासाठी बाहेरच्या माणसाची तारीख मिळवावी लागते ते आधी हातात घ्या. पाणी आठवडाभरात ताळ्यावर येतं, मे महिन्यात इलेक्ट्रिशियनची तारीख मात्र मिळत नाही.

पूल फक्त रहिवाशांसाठी आहे, म्हणजे खासगी, हा गैरसमज पहिल्याच मीटिंगमध्ये दूर करा. घरामागचा आपला पूल खासगी. पण शंभर घरांचा सामाईक पूल राज्याच्या प्रशासकीय संहितेच्या शीर्षक ८, प्रकरण २६ खाली येतो, आणि त्याचा परवाना स्थानिक आरोग्य विभागाकडून घ्यावा लागतो. लाइफगार्डच्या अटीतून अशा सोसायट्यांना सूट मिळू शकते. मात्र 'लाइफगार्ड नाही' अशी पाटी नियमातल्या शब्दांतच लागते, घरी छापलेली चालेल असं धरून चालू नका. सूट घ्यायची की गार्ड ठेवायचा, हे विमा कंपनीला विचारूनच ठरवा.

अर्जासोबत पूल ऑपरेटरचं प्रशिक्षण प्रमाणपत्र जोडायचं. सीपीओ (सर्टिफाइड पूल ऑपरेटर) प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षांची असते, आणि कंत्राटदार बदलला असेल तर नव्या माणसाचं मागून घ्या. बॉन्डिंग-ग्राउंडिंगचा दाखला, म्हणजे शिडी, कठडे, पंप वगैरे धातूच्या वस्तू तारेने नीट जोडल्या आहेत याची तपासणी, फाइलमध्ये आहे का आणि त्यावरची तारीख काय आहे, ते स्वतः पाहा.

मग पाणी ओढून घेणाऱ्या ड्रेनची तळाची झाकणं. हे काम कंत्राटदाराच्या तोंडी हमीवर सोडू नका. २००२ मध्ये व्हर्जिनियात सात वर्षांची ग्रेम बेकर हॉट टबच्या ड्रेनच्या ओढीत अडकून बुडाली. माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची ती नात. तिच्या नावाचा संघीय कायदा २००७ मध्ये झाला आणि डिसेंबर २००८ पासून सार्वजनिक पुलांना सुरक्षित झाकणं सक्तीची झाली. पाणी भरण्याआधी गुडघ्यावर बसून झाकण जवळून बघा. त्यावर किती प्रवाहासाठी चालतं, तळासाठी आहे की भिंतीसाठी, आणि आयुष्य किती वर्षं, हे कोरलेलं असतं. वर्षं संपली असतील तर झाकण चांगलं दिसत असलं तरी बदलायचं. स्क्रू सगळे जागेवर हवेत, तेही त्या झाकणाचेच.

पाण्याचा नमुना प्रमाणित प्रयोगशाळेत उघडण्याआधी जायला हवा आणि मग हंगामभर दर आठवड्याला, म्हणून त्यांच्याशी आत्ताच ठरवून टाका. रोजच्या चाचणीत मोकळं, म्हणजे अजून कशाशी संयोग न झालेलं, क्लोरीन किमान १ पीपीएम (दशलक्षात एक भाग) आणि पीएच ७.२ ते ७.८ यांच्यात हवा. इथे एक खोच आहे. डीपीडी, म्हणजे क्लोरीन असलं की गुलाबी रंग देणारं चाचणीचं रसायन, टाकल्यावर नमुना गुलाबी झाला नाही की शिकाऊ माणूस 'क्लोरीन नाही' म्हणून आणखी ओततो. पण क्लोरीन फारच जास्त असलं तरी रंग उडून जातो. शंका आली तर नमुना शुद्ध पाण्याने पातळ करून परत तपासा. आणि नाकाला झोंबणारा 'क्लोरीनचा वास' म्हणजे पूल स्वच्छ, असं तर मुळीच नाही. तो वास घाम-लघवीशी संयोग झालेल्या क्लोरीनचा असतो.

हॉट टब असेल तर त्याची वही वेगळी ठेवा. गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडतं आणि लिजिओनेला या फुप्फुसाच्या आजाराच्या जंतूला तीच ऊब मानवते, म्हणून तिथे किमान ३ पीपीएम ठेवा. तापमान १०४ फॅरनहाइटच्या वर जाऊ द्यायचं नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना आत सोडायचं नाही, आजोबांनी कितीही आग्रह केला तरी.

पंपघरात आम्ल आणि क्लोरीन वेगवेगळ्या ठिकाणी हवेत, एकत्र आले तर विषारी वायू होतो. पंप बंद पडला की दोन्हींची धार आपोआप थांबते का, हे कंत्राटदाराला प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा.

शेवटी रहिवाशांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची सूचना. जुलाब होत असलेल्या कुणीही पाण्यात उतरू नये. तपासणीत क्रिप्टोस्पोरिडियम (क्रिप्टो) हा जुलाबाचा परजीवी निघाला असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे नाही. १ पीपीएम क्लोरीनमध्ये ई. कोलाय मिनिटाच्या आत मरतो, क्रिप्टो दहा दिवसांहून जास्त तग धरतो. पातळ शौच पाण्यात झालंच, तर पूल बंद करून २० पीपीएमवर पावणेतेरा तास ठेवावा लागतो, आणि पाण्यात स्टॅबिलायझर (उन्हात क्लोरीन टिकवणारं रसायन) असेल तर त्याहून बराच जास्त वेळ. हा हिशोब लिहून पंपघराच्या दारावर आतून चिकटवा आणि आरोग्य विभागाचा नंबर त्याच कागदावर खाली मोठ्या अक्षरात लिहा.