उठायच्या आधी एक ओळ लिहा

बरेच महिने माझं असं चालू होतं की दिवसभर लॅपटॉपसमोर बसायचो आणि रात्री कोणी विचारलं आज काय केलंस तर धड सांगता यायचं नाही. वेळ पुरत नाही असं वाटून अ‍ॅप टाकून पाहिली, टाइमटेबल केलं, चार दिवसांत सगळं बारगळलं. मग तीन दिवस फक्त वहीत दर तासाला लिहिलं, की आत्ता खरंच काय करत होतो. तुम्हीपण सुरुवात इथूनच करा, आणि खोटं लिहू नका, वही कोणी बघणार नाहीये. मला दिसलं की वेळ बऱ्यापैकी होता, पण एक काम सलग वीस मिनिटं टिकत नव्हतं, मेल, मग मेसेज, मग परत फाइल, आणि फाइल उघडल्यावर आपण कुठे होतो ते शोधण्यातच दहा मिनिटं जायची.

याच्यावर अभ्यास झालाय. सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी 2009 मध्ये दाखवलं की एक काम सोडून दुसऱ्याला लागलो तरी लक्षाचा काही भाग आधीच्याच कामात अडकून राहतो, याला त्यांनी अटेन्शन रेसिड्यू म्हटलंय. म्हणजे मीटिंगला बसलोय आणि डोक्यात अजून तीच फाइल. पुढे 2018 मध्ये त्यांनी आणि थेरेसा ग्लॉम्ब यांनी एक साधा उपाय तपासला, काम मध्येच सोडावं लागलं तर कुठपर्यंत आलो आणि परत आल्यावर काय करायचं हे मिनिटभरात लिहून ठेवायचं, मग पुढच्या कामात लक्ष नीट लागतं.

मला सगळ्यात जास्त फायदा ह्याचाच झाला म्हणून जरा नीट सांगतो. "रिपोर्ट बाकी" असं लिहून काही होत नाही. माझी परवाची चिठ्ठी अशी होती: "तिसरा तक्ता, मार्चची बेरीज जुळत नाही, रिफंड दोनदा धरलाय का ते आधी बघ." परत आलो, वाचलं आणि थेट रिफंडच्या रकान्यावर गेलो, विचार करत बसावंच लागलं नाही. कोणी हाक मारली तरी "एक मिनिट हं" म्हणून ओळ पूर्ण करा आणि मगच उठा, त्या मिनिटाने कोणाचं काही अडत नाही.

बाकीचं थोडक्यात. सकाळी एकच काम ठरवा, जे झालं तर आजचा दिवस कामी आला असं तुम्हाला स्वतःला वाटेल, बॉसला काय वाटेल ते नंतर. त्याला डोकं ताजं असतानाचा वेळ द्या, उरलासुरला नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, टेबलावर पालथा ठेवून माझं तरी भागत नाही. मेसेज दिवसातून दोनतीनदाच बघणार हे जवळच्या लोकांना आधीच सांगून टाका, आणि खरंच अर्जंट असेल तर फोन करा म्हणावं. 25 मिनिटं काम, 5 मिनिटं ब्रेक ही पोमोडोरो पद्धत सुरुवातीला बरी पडते, पण लिहिण्याच्या कामात हात बसला की मी टायमर बंदच करतो.

आणि रात्री लॅपटॉप मिटायच्या आधी उद्याची पहिली ओळ लिहून चिठ्ठी कीबोर्डवरच ठेवा, सकाळी मेलच्या आधी ती हाताला लागली पाहिजे.