जुनी ज्वारी, तिचं रान आणि तिचे शब्द: गावानं मिळून कसे राखायचे

दुकानात 'मालदांडी' ज्वारीचं बी म्हणून मिळतं ते बहुधा एम 35-1 असतं. मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेलं हे वाण चांगलंच आहे, पण ती एकच निवडलेली ओळ. मंगळवेढा, मोहोळ, पंढरपूरच्या घराघरांतली जुनी मालदांडी म्हणजे मिसळ: एखादं कणीस घट्ट, एखादं सैल, एखादं ताट (धाट) चार दिवस आधी निसवणारं (कणीस बाहेर टाकणारं). पाऊस दगा देतो त्या साली हीच मिसळ काही ना काही पदरात टाकते. दगडी, कुचकुची, हुरड्याची गुळभेंडी या ज्वारींचंही तसंच. म्हणून बी शोधताना निरनिराळ्या घरांतून अर्धा-अर्धा किलो घ्या आणि पहिल्या वर्षी ते एकत्र करू नका. प्रत्येकाची वेगळी ओळ पेरा.

सुरुवातीला 5 गुंठे पुरे, त्याला साधारण अर्धा किलो बी लागतं (एकरी 4 किलोचा हिशेब). भारी, खोल काळं रान निवडा. जुलैच्या सुरुवातीला उतार पाहून 10-12 फुटांचे चौकोनी वाफे पाडून ठेवा, म्हणजे पाऊस जागेवर मुरेल. रब्बीची ज्वारी याच साठलेल्या ओलीवर पिकते. हे चुकलं तर पुढचं सगळं कौशल्य वाया जातं.

पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. त्याआधी पेरलं की खोडमाशी पोंगे (मधले कोवळे कोंब) मारते, फार उशीर केला की दाणे भरताना ओल संपते. पेरण्यापूर्वी किलोला 4 ग्रॅम बारीक गंधक (300 मेश) चोळा, नाहीतर काणी (कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरणारा रोग) येते. पेरणीची वेळ कॅलेंडर सांगत नाही, रान घातीवर (पेरणीजोगतं) आलंय का ते पाहावं लागतं. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेइतक्या उंचीवरून टाका. फुटला तर वाफसा आहे. तसाच राहिला तर थांबा.

दुसऱ्या ज्वारीपासून 200 मीटर लांब राहा. ज्वारी बरीचशी स्वतःच्याच परागानं धरते, पण थोडी परकी भेसळ होतेच. एवढं अंतर मिळत नसेल तर बी फक्त मधल्या तासांतून (ओळींतून) घ्या. कोळपण्या (ओळींमधली माती हलवून तण काढणं) तीन: तिसऱ्या आठवड्यात फटीच्या, पाचव्यात पासेच्या आणि आठव्यात दातेरी कोळप्यानं. शेवटची सोडू नका. रानाच्या भेगा तिनंच बुजतात.

निवड उभ्या पिकात करायची, खळ्यावर नाही. खळ्यावर कणीस दिसतं, ताट दिसत नाही. खडखड्या रोगानं लोळलेली, काणी असलेली ताटं वगळा आणि 150-200 चांगल्या कणसांना दोरा बांधा. फक्त सर्वांत मोठी वीस कणसं घेतली तर दोन-तीन हंगामांत मिसळ संपते. इथं बहुतेक गट चुकतात.

दाणा दाताखाली कट्ट वाजेपर्यंत बी उन्हात वाळवा, रात्री झाका. घट्ट झाकणाच्या डब्यात निंबाचा वाळलेला पाला आणि वर दोन बोटं राख, असे तीन डबे तीन घरांत ठेवा. पेवात (जमिनीखालच्या धान्याच्या खड्ड्यात) खाण्याची ज्वारी ठेवत, बियाण्याला ती जागा नाही, कारण दमटपणानं उगवण जाते. (जुनं पेव उघडल्या उघडल्या कुणी आत उतरू नये. आतल्या कोंदट हवेनं जीव जातो.)

आता शब्द. चाडं, मोघड (पेरणीची साधनं), सावड, इर्जिक (एकमेकांच्या रानात मिळून काम), उफणणी (वाऱ्यावर दाणे-भुसा वेगळे करणं) हे शब्द गेले की त्यामागची रीतही जाते. 'घात' शब्द माहीत नसलेल्या मुलाला कधी पेरायचं ते दरवर्षी नव्यानं सांगावं लागेल. घरात बसवून आजीला 'जुने शब्द सांगा' म्हटलं तर चार-पाचच आठवतात. तिफण (पेरणीचं अवजार) हातात द्या, बांधावर न्या आणि विचारा, "आजी, हे काय? मग पुढं काय करायचं?" परवानगी घेऊन मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, वारा असेल तर माइकवर पातळ सुती फडकं धरा. वहीत एका शब्दाला एक पान द्या: शब्द, गाव, सांगणारीचं वय, तिच्याच तोंडचं वाक्य आणि चित्र. प्रमाण मराठी करू नका. अक्कलकोटकडं कानडी शब्द आला तर तोही तसाच लिहा. डब्यावरची चिठ्ठी मुलांनी लिहावी, तिच्यावर घरात बोलतात तेच नाव यावं.

2001 च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला स्वतःचं बी राखायला, इतरांशी अदलाबदल करायला आणि ब्रँड न लावता विकायलाही मुभा आहे, तेव्हा देवघेव उघडपणे करा. दिढीचा नियम ठेवा: 4 किलो नेलं तर 6 किलो परत. परत आलेलं बी डब्यात टाकण्यापूर्वी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. आठवड्यात 75 पेक्षा कमी उगवले तर ते खायला द्या, डब्यात घालू नका.