अर्जातली छंदांची ओळ: काय लिहावं, किती लिहावं, कधी गाळावं

बायोडेटाच्या तळाशी 'छंद : वाचन, संगीत, प्रवास' अशी ओळ असते. ती खोटी नसते, पण तिच्यातून माणूस दिसत नाही, म्हणून वाचणारा न थांबता पुढे जातो. त्याच जागेत नेमकं काही लिहिलं, तर अनुभवाच्या रकान्यात न मावणारी गोष्ट सांगता येते. पहिली नोकरी शोधणाऱ्याला, क्षेत्र बदलणाऱ्याला किंवा मध्ये दोन-तीन वर्षांचा खंड पडलेल्याला या ओळीचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

आधी लिहायचं की नाही ते ठरवा. अनुभव थोडा आहे आणि पानावर जागा उरते, तर जरूर लिहा. दहा-बारा वर्षांचा अनुभव असेल आणि दुसरं पानही भरत आलं असेल, तर छंद सरळ गाळा; कामाची ओळ कापून छंदाला जागा करणं तोट्याचं आहे. ठरावीक नमुन्यातल्या अर्जात छंदांचा रकाना नसेल तर तो मनाने वाढवू नका. उलट, रकाना दिलेलाच असेल तर रिकामा ठेवू नका.

लिहायचं ठरलं की कोऱ्या कागदावर गेल्या वर्षभरात मोकळ्या वेळात प्रत्यक्ष काय केलं ते उतरवा. आपल्याला काय आवडतं ते नको, काय केलं ते हवं. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: कधीपासून, किती वेळा आणि त्यातून काय तयार झालं किंवा कुठवर पोहोचलो. ज्याच्यापुढे एकही गोष्ट लिहिता येत नाही, तो छंद बाद. उरलेल्यांतले दोन, फार तर तीन निवडा. चौथा आला की यादी वाटायला लागते आणि पहिल्या तिघांचं वजन उतरतं.

आता एक ओळ घडवून बघू. सुरुवात 'वाचन' इथून. 'इतिहासाचं वाचन' केलं तर थोडं बरं, पण अजून मोघम. 'चरित्रं आणि पत्रसंग्रह. महिन्याला दोन पुस्तकं, टिपणं काढून' इथे आलं की ओळ उभी राहते. विषय नेमका असल्याने समोरच्याला प्रश्न विचारायला वाट मिळते. आकड्यातून सातत्य कळतं. आणि 'टिपणं काढून' हे दोन शब्द संशोधन, संपादन किंवा आशयलेखनाच्या जागेसाठी सगळ्यात मोलाचे आहेत. टिपणं काढत नसाल तर मात्र ते लिहू नका, कारण वही दाखवा असं कुणी म्हणू शकतं.

धावण्याचंही तसंच. 'धावणे' ऐवजी 'लांब पल्ल्याचं धावणं, आठवड्यातून चार दिवस, २१.१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन दोनदा पूर्ण'. इथे एक चूक फार होते: दहा किलोमीटरच्या शर्यतीलाही 'मॅरेथॉन' म्हटलं जातं. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. मुलाखत घेणारा स्वतः धावणारा असला, तर या एका शब्दावरून बाकीच्या अर्जावरचाही त्याचा विश्वास कमी होतो. बुद्धिबळाचं रेटिंग लिहिताना ते फिडेचं (जागतिक बुद्धिबळ महासंघाचं) आहे की एखाद्या संकेतस्थळावरचं, हे स्पष्ट लिहा. दोन्ही आकडे वेगवेगळ्या पद्धतीने ठरतात, त्यांची तुलना होत नाही.

छंदापुढे गुण लिहायचा मोह टाळा. 'बुद्धिबळ : तर्कशक्ती, एकाग्रता' असं लिहिलं की वाचणाऱ्याने काढायचा निष्कर्ष आपणच त्याच्या हातात कोंबतो, आणि तो पटत नाही. 'हौशी नाट्यसंस्थेत प्रकाशयोजना, तीन वर्षांत ११ प्रयोग' एवढं पुरे. वेळ पाळणं आणि चार जणांशी जुळवून घेणं त्यात आपोआप आलं. समन्वयकाच्या जागेसाठी अर्ज असेल तर हीच ओळ सगळ्यात वर घ्या. छंद तेच ठेवून क्रम प्रत्येक जाहिरातीप्रमाणे बदलावा.

काही गोष्टी छंद म्हणून लिहिल्या की वाया जातात. जबाबदारी घेऊन केलेलं स्वयंसेवी काम वेगळ्या मथळ्याखाली, पद आणि कालावधीसह द्या. स्वतः लिहिलेलं सॉफ्टवेअर प्रकल्पांत जातं. व्हिडिओ संपादन येत असेल तर ते कौशल्यांतही लिहा, कारण अर्जांची पहिली छाननी सॉफ्टवेअरने होत असेल तर ते जाहिरातीतले शब्द शोधतं आणि छंदांच्या ओळीला फारसं महत्त्व मिळेल याची खात्री नसते.

राजकीय पक्षाचं काम किंवा धार्मिक संघटनेतला सहभाग कामाशी थेट संबंध नसेल तर बाहेर ठेवा. वाचणाऱ्याचं मत आधीच बनतं आणि तुम्हाला बोलायची संधी मिळण्यापूर्वीच नुकसान झालेलं असतं. पैसे मिळवून देणारा छंद जोडधंद्यासारखा दिसतो. त्यावर प्रश्न येईलच, तेव्हा वेळ कसा काढता याचं खरं उत्तर तयार ठेवा. छायाचित्रांची किंवा लेखनाची लिंक देणार असाल तर त्या खात्यावरच्या जुन्या पोस्ट शेवटपर्यंत खाली जाऊन पाहा.

जागा म्हणाल तर छंद बायोडेटात अगदी शेवटी, शिक्षण आणि कौशल्यांच्या खाली. प्रत्येक छंद एका ओळीत, बारा-पंधरा शब्दांत. सोबतच्या पत्रात छंद आणायचा तो फक्त कामाशी थेट जोडलेला असेल तर, आणि तोही एका वाक्यात.

ऑनलाइन अर्जात अक्षरमर्यादा असेल आणि मजकूर मराठीत असेल, तर एक अडचण हमखास येते. संगणक काना-मात्रा-वेलांटी आणि जोडाक्षरातला हलन्त बहुधा वेगवेगळे मोजतो. 'क्रिकेट' आपल्याला तीन अक्षरांचं दिसतं, त्याची मोजणी सात होते. म्हणून मजकूर आधी दुसरीकडे लिहून, मोजून मगच चिकटवा. नाहीतर शेवटचा शब्द अर्धा तुटून जातो आणि सबमिट केल्यावर दुरुस्त करता येईलच असं नाही.

या ओळीवर मुलाखतीत प्रश्न येणार असं धरूनच ती लिहा. ताण हलका करायला सुरुवातीचा प्रश्न बऱ्याचदा इथूनच निघतो. प्रत्येक छंदाबद्दल चार उत्तरं तोंडावर हवीत: सुरुवात कशी झाली, शेवटचं काय केलं, अवघड काय वाटलं, पुढे काय करायचं आहे. प्रत्येकी अर्धा मिनिट पुष्कळ झालं, आणि ती मोठ्याने बोलून पाहा. 'शेवटी कुठलं पुस्तक वाचलं?' यावर आठवायला वेळ लागला, तर घरी परतल्यावर ती ओळ काढून टाका. सुटून गेलेला छंद ठेवायचाच असेल तर वर्षं घाला: 'तबलावादन, २०१४ ते २०१९'. वर्षं दिली की तो आज चालू असल्याचा भास होत नाही आणि त्याबद्दल मोकळेपणाने बोलता येतं.