वेब कंपोनंटच्या आतल्या भागांना बाहेरून स्टाइल कशी द्यावी

वेब कंपोनंट म्हणजे आपण बनवलेला एचटीएमएल टॅग. त्याच्या आतल्या एलिमेंट्सचं पानापासून वेगळं ठेवलेलं झाड म्हणजे शॅडो ट्री, आणि त्याचं मूळ म्हणजे शॅडो रूट. हा शॅडो रूट 'ओपन' ठेवला की बाहेरचं सीएसएस आत पोहोचतं, असं अजूनही सांगितलं जातं. ते चूक आहे. ओपन मोडमुळे फक्त जावास्क्रिप्टला आत शिरता येतं. सिलेक्टर हद्दीवरच थांबतो. ही हद्द ओलांडून आत पोहोचण्यासाठी असलेल्या 'डीप' कॉम्बिनेटरचा सल्ला तर सरळ सोडून द्या, क्रोमने २०१७ मध्येच त्याची ताकद काढून घेतली.

रंग, अंतर, फॉन्ट एवढंच बदलू द्यायचं असेल तर कस्टम प्रॉपर्टी (सीएसएसमध्ये आपण नाव देऊन ठेवलेली मूल्यं) वापरा. त्या वारशाने आत उतरतात. बाहेरून काही आलं नाही तर वापरायचं फॉलबॅक मूल्य द्यायला विसरू नका.

एखाद्या भागाचं सगळंच रूप बदलू द्यायचं असेल तर त्या एलिमेंटला 'पार्ट' अॅट्रिब्यूट द्या. नाव कामावरून ठेवा, दिसण्यावरून नको: 'लेबल', 'एरर' चालेल, 'निळा-चौकोन' नाही. हे नाव म्हणजे वापरणाऱ्याला दिलेला शब्द आहे. उद्या तुम्ही ते बदललंत तर त्याची स्टाइल गुपचूप गळून पडते, एररही येत नाही. म्हणून प्रत्येक डिव्हला पार्ट वाटत सुटू नका.

बाहेरून यजमान टॅगला (कंपोनंटच्या स्वतःच्या टॅगला) जोडून 'पार्ट' स्यूडो-एलिमेंट लिहा. त्यापुढे हॉवर, फोकस चालतात. त्या भागाच्या पोटातलं एलिमेंट किंवा 'फर्स्ट-चाइल्ड' मात्र निवडता येत नाही. निवडलेला टॅब वेगळा दाखवायचा असेल तर त्याला स्पेस देऊन दुसरं पार्ट-नाव जोडा.

आता खरी अडचण: कंपोनंटच्या आत कंपोनंट. फॉर्म-फील्डच्या शॅडो रूटमध्ये बटण-कंपोनंट आहे आणि पानावरून त्या बटणाचं लेबल रंगवायचंय. फॉर्म-फील्डवर पार्ट लिहिलात, काहीच घडलं नाही, कन्सोलही गप्प. मीही इथे बराच काळ चाचपडलोय. कारण एवढंच की पार्ट फक्त त्या यजमानाच्या स्वतःच्या शॅडो ट्रीत शोधला जातो. पार्टपुढे पार्ट जोडूनही उपयोग नाही, तो सिलेक्टर कधीच जुळत नाही.

उपाय 'एक्सपोर्टपार्ट्स' अॅट्रिब्यूट, ते आतल्या पार्टची नावं एक पातळी बाहेर पाठवतं. तो पानावरच्या फॉर्म-फील्ड टॅगवर लिहिलेला मी वारंवार पाहतो. तिथे तो निरुपयोगी. तो फॉर्म-फील्डच्या टेम्प्लेटमधल्या (आतल्या मार्कअपमधल्या) बटण टॅगवर हवा. तीन पातळ्या असतील तर मधल्या प्रत्येक टेम्प्लेटमध्ये हवा. 'सगळंच बाहेर जाऊ दे' अशी सोय नाही, नावं एकेक करून लिहावी लागतात, आणि इथे स्वल्पविरामाने, स्पेसने नव्हे. बाहेर पाठवताना कोलन देऊन नाव बदलाच: आतलं 'लेबल' बाहेर 'बटण-लेबल'. नाहीतर फील्डचं लेबल आणि बटणाचं लेबल एकाच नियमात सापडतात.

तरीही चालत नसेल तर आतून बाहेर तपासत या. फॉर्म-फील्डच्या स्वतःच्या स्टाइलशीटमधून बटणाचा पार्ट रंगतो का? रंगत असेल तर पार्ट ठीक आहे, निर्यात चुकली आहे. हे न करता थेट पानावरून शोधत बसलात तर दिवस जातो.

ब्राउझरची काळजी नको: २०२० पासून क्रोम, फायरफॉक्स, सफारी तिन्हींत हे चालतं. स्लॉटमध्ये (पानावरचा मजकूर दाखवायला कंपोनंटने ठेवलेल्या जागेत) टाकलेल्या मजकुराला यातलं काहीच लागत नाही, तो पानाच्या साध्या सीएसएसनेच सजतो.

बाहेरून 'इम्पॉर्टंट' लावू नका. पार्टवरचा बाहेरचा नियम आतल्या साध्या नियमावर तसाही मात करतो, आतली स्पेसिफिसिटी (सिलेक्टरचं वजन) कितीही असो. 'इम्पॉर्टंट'चं उलट आहे, तिथे आतलाच जिंकतो. त्यामुळे कंपोनंट लिहिणाऱ्याने तो फक्त कुणीही बदलता कामा नये अशाच गोष्टींवर लावावा.