घाटात ब्रेक लागेनासे झाले तर: आधी गिअर, मग ऑइल, पॅड शेवटी

ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्यांचा घाट उतरण्याचा भाग नेहमी परतीच्या वाटेवर येतो. आपण खाडीकाठचे लोक. नाशिक, माळशेज, लोणावळा, कुठेही निघालो तरी जाताना चढण आणि येताना उतार. म्हणजे रविवारची संध्याकाळ, गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली, चालवणारा दमलेला आणि पुढे कंटेनरची रांग. अशा वेळी पाय ब्रेकवरच राहतो आणि कधीतरी लक्षात येतं, की पेडल तेवढ्याच जोराने दाबतोय, पण गाडी आवरत नाहीये. जळका वासही येऊ लागतो.

हा ब्रेक फेड. ब्रेक फेल होणं वेगळं. त्यात पाइप फुटतो, ऑइल गळतं, काहीतरी मोडतं. फेडमध्ये मोडत काहीच नाही, नुसतं तापतं. म्हणूनच सोमवारी गाडी गॅरेजला नेली की मेकॅनिक चक्कर मारून येतो आणि म्हणतो, “साहेब, ब्रेक तर मस्त आहेत.” तो खोटं बोलत नसतो. थंड झालेले ब्रेक खरंच मस्त असतात.

किती तापतात, ते पाहू. १,२०० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून थांबवली, तर साधारण ३ लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. इगतपुरीहून कसाऱ्याला येताना आपण सुमारे ३०० मीटर खाली उतरतो. त्याच गाडीसाठी हा हिशेब ३५ लाख ज्यूलच्या आसपास जातो. सगळा घाट ब्रेकवरच उतरलात, तर ८० वरून बारा वेळा गाडी थांबवल्याइतकी उष्णता त्या डिस्क आणि ड्रममध्ये जाते.

पहिली पायरी: पेडल ओळखा

पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी डिस्क दोन्ही बाजूंनी धरणारे घर्षणाचे तुकडे, तापलेत. पॅडमधल्या रेझिनचा तापून वायू होतो आणि पॅड डिस्कला नीट धरत नाही. पेडल मऊ, स्पंजासारखं झालं किंवा खाली जाऊ लागलं, तर ब्रेक ऑइल उकळलंय. पाइपमध्ये वाफेचे बुडबुडे झाले की तुमच्या पायाचा जोर ते बुडबुडे दाबण्यातच जातो. हा दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. मागे ड्रम असतील तर ते तापून फुगतात, आतून ड्रमला घासणाऱ्या शूला जास्त अंतर जावं लागतं, त्यामुळेही पेडल थोडं खाली जातं.

घाटातच असाल तर

गिअर खाली आणा, एकेक करत. मऊ पेडल भराभर पंप करा, थोडा दाब परत मिळतो. हँडब्रेकचं बटण दाबून धरा आणि तो हळूहळू ओढा. एकदम खेचलात तर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरेल. इंडिकेटर चारही चालू करा, डोंगराच्या बाजूला राहा आणि जागा मिळताच थांबा. थांबल्यावर डिस्कवर पाणी ओतायचं नाही, त्याने ती वाकते किंवा तडकते. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि तापलेल्या चाकांवर हँडब्रेक ओढण्याऐवजी चाकाखाली दगड लावा. निघताना तो दगड मात्र उचलून बाजूला टाका. घाटात रस्त्यावर पडलेले अर्धे दगड असेच कुणीतरी लावून विसरलेले असावेत, असा माझा संशय आहे.

मुळात ही वेळ येऊ नये म्हणून जुनी रीत पाळा: ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. सतत हलका ब्रेक दाबून ठेवण्यापेक्षा थोडा जोरात दाबून सोडा, मधल्या वेळात डिस्कला वारा लागू दे. एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी गाडी, असेल तर मॅन्युअल मोडवर घ्या. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी वर लोणावळ्यात बॅटरी पूर्ण भरून निघू नये. भरलेल्या बॅटरीत रीजनला, म्हणजे उतारावर मोटरने गाडी आवरून बनवलेल्या विजेला, जागाच राहत नाही, मग सगळा भार ब्रेकवर येतो. आणि पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकणाऱ्यांसाठी: आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून, ॲक्सिलरेटर सोडून उतरलात तर इंजेक्टर पेट्रोल बंद करतो. न्यूट्रलमध्येच उलट थोडं जळतं.

पॅडआधी ऑइल

महागडे पॅड घेण्याआधी विचारा, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? बहुतेकांना आठवत नाही. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्याकडे दमट हवेला तोटा नाही. डॉट हा ऑइलचा दर्जा. डॉट ३ ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत न उकळता तग धरतं, पाणी शोषल्यावर ती मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. म्हणजे जुनं डॉट ४ हे ताज्या डॉट ३ पेक्षाही आधी उकळू शकतं. टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय ते बघा, दर दोन वर्षांनी चारही चाकांतून जुनं ऑइल काढून एअर काढून घ्या, आणि सीलबंद डबा समोर फोडायला सांगा. गॅरेजच्या फळीवरचा अर्धा डबा नको. सिलिकॉनचं डॉट ५ वेगळंच असतं, ते यात मिसळत नाहीत.

त्याच वेळी कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या, पिना बघायला सांगा. पावसाळ्यानंतर त्या गंजून अडकतात, एका बाजूचा पॅड सतत घासत राहतो आणि सपाट रस्त्यावरही तापतो. दोन्ही बाजूंचे पॅड असमान झिजले असतील तर समजा, दुखणं पिनेत आहे.

आता पॅड

एवढं करूनही फेड होत असेल, किंवा महिन्यातून दोनदा घाट असेल, तर चांगले पॅड घ्या. पॅडच्या कडेला छापलेल्या मजकुरात दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं साधारण तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. अक्षर म्हणजे घर्षणाचा आकडा, जास्त म्हणजे पकड जास्त: ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५. एफएफ रोजच्या गाडीला पुरेसं. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा उतरतं असेल, तर तो पॅड घाटासाठी नाही. टिकाऊपणा किंवा आवाज मात्र या अक्षरांवरून कळत नाही.

सेमी-मेटॅलिक पॅड उष्णता चांगली सोसतात, पण थोडे किरकिरतात, डिस्क लवकर खातात आणि अलॉय काळे करतात. सिरॅमिक शांत आणि स्वच्छ, पण नुसतं नाव सिरॅमिक म्हणून तो घाटाचा पॅड होत नाही. ट्रॅकवरच्या रेसिंग पॅडच्या वाटेला जाऊच नका. ते तापल्याशिवाय पकडत नाहीत, आणि आपलं नव्वद टक्के ब्रेकिंग घोडबंदरच्या जॅममध्ये, थंड डिस्कवर होतं. पावसात पाम बीच रोडवर पहिलाच ब्रेक कच्चा लागला, तर घाटाची सोय काय कामाची? ‘फास्ट रोड’ दर्जाचे, म्हणजे रोजच्या रस्त्यासाठीच पण जास्त उष्णता सोसणारे, पॅड बघा आणि खोक्यावरचा पार्ट नंबर पॅडवरच्या नंबरशी जुळवा. नक्कल बाजारात भरपूर आहे. पॅड नेहमी जोडीने बदला, आणि डिस्कची जाडी मोजून तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीशी ताडून घ्या. डिस्कच संपली असेल तर नवे पॅड वाया.

पॅड बसवणं

नवे पॅड लावून थेट घाटाला निघू नका. पहिल्यांदा तापताना त्यातून वायू निघतो आणि नवाकोरा पॅडही फेड होतो. रविवारी पहाटे महापे एमआयडीसीचा एखादा मोकळा रस्ता धरा. मागे कुणी नाही हे बघून ५० वरून १० पर्यंत मध्यम जोराने ब्रेक लावा, पूर्ण थांबू नका, पुन्हा वेग घ्या. असं आठ-दहा वेळा. मग दहा मिनिटं शक्यतो ब्रेक न लावता गाडी चालवून सगळं थंड होऊ द्या. तापलेल्या पॅडवर गाडी दाबून उभी केलीत तर डिस्कवर त्या जागी ठसा उठतो, आणि नंतर प्रत्येक ब्रेकला स्टिअरिंग थरथरतं. पॅड बनवणाऱ्याने खोक्यात वेगळी रीत दिली असेल तर तीच पाळा.