वॉवमध्ये डंजनची क्यू लावताय? आधी या चुका टाळा

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट (म्हणजे वॉव, हा ऑनलाइन गेम) नवीन सुरू केलेला जवळपास प्रत्येक जण सेम गोष्ट करतो. 'आय' दाबतो, ग्रुप फाइंडर (ग्रुप जुळवून देणारी खिडकी) उघडतो, जे डंजन (ग्रुपने मिळून साफ करायचा राक्षसांचा अड्डा) दिसेल त्याला टिक मारतो आणि क्यू, म्हणजे रांग, लावून मोकळा होतो. मग आत गेल्यावर शोधाशोध, की अरे हील कुठल्या बटणावर ठेवलं होतं, स्क्रीनवर हा लाल चिलखतवाला बाहुला का आलाय, आणि बाकीचे चौघं मला टाकून पळाले कुठे. मी पण हेच केलंय, एकदा नाही, चांगलं महिनाभर. क्यूचं बटण खरं तर सगळ्यात शेवटी दाबायचं असतं आणि आपण ते सगळ्यात आधी दाबतो, बहुतेक लोच्या इथूनच सुरू होतो.

टँक घेतला की क्यू लगेच लागते म्हणून टँक घेऊ नका

ग्रुपमध्ये पाच जण, एक टँक (मार अंगावर घेणारा), एक हीलर (बाकीच्यांना बरं करणारा), तीन डीपीएस (राक्षसांना मारणारे). डीपीएस सगळ्यांनाच व्हायचं असतं त्यामुळे ते ताटकळत बसतात आणि टँकची क्यू चहा ओतेपर्यंत पॉप होते, म्हणजे नंबर लागतो. कधीकधी कमी पडणाऱ्या रोलला गेम वरून बक्षिसाची थैली पण देतो. मोह होणारच. पण टँक म्हणजे नुसता जाड माणूस नाही, रस्ता माहीत असलेला माणूस. कुठला घोळका ओढायचा, कुठला सोडायचा, राक्षसाचं तोंड कुठे फिरवायचं हे त्याने ठरवायचं असतं आणि बाकीचे चौघं गुमान त्याच्या मागे चालत असतात. तो दारात उभा राहून इकडेतिकडे बघत बसला की दोन मिनिटांत व्होट किक (मतं घेऊन हकालपट्टी) आलीच समजा.

टँकच शिकायचा असेल तर फॉलोअर डंजन आहेत ना. जानेवारी २०२४ पासून ही सोय आलीये, बाकीच्या जागा गेमचीच पात्रं भरतात, ती शिव्या देत नाहीत आणि वाइप झालं (सगळे मेले) तर कुणी सोडून पण जात नाही. तिथे दोन-तीनदा एकच डंजन फिरा, नकाशा डोक्यात बसला की मग खऱ्या माणसांत या.

अजून एक बारीक गोष्ट, रोलचं टिक. मागच्या वेळचं टिक तसंच राहतं. मी एकदा हीलरचं टिक न काढता डीपीएसच्या मूडमध्ये क्यू लावली, पॉप आला, ४० सेकंदांत होय-नाही सांगायचं असतं म्हणून घाईत होय दाबलं, आणि आत जाऊन मस्त तलवार फिरवतोय. टँक मेला तेव्हा कुणीतरी चॅटमध्ये नुसतं 'हील?' असं लिहिलं, तेव्हा ट्यूब पेटली. लाजेने बाहेर पडलो तर वर डेझर्टरचा डिबफ (पळणाऱ्याला शिक्षा), ३० मिनिटं नवीन क्यू बंद. म्हणजे दुहेरी मार. चुकीच्या रोलमध्ये सापडलात तर पळू नका, सरळ सांगा की माझी चूक झाली, स्पेक (पात्राची लढायची पद्धत) बदलतो. बहुतेक लोक थांबतात.

क्यूचं बटण ग्रे दिसतंय

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. आधी बघा तुम्ही पार्टीत आहात का, असाल तर क्यू फक्त लीडर लावू शकतो. मग रोल निवडलाय का. मग डेझर्टर शिल्लक आहे का. पार्टीतल्या एकाचं पण लेव्हल किंवा आयटम लेव्हल (सामानाच्या ताकदीचा आकडा) कमी असेल तर सगळ्यांचंच अडतं, अशा वेळी कुलुपाच्या चिन्हावर माउस नेला की कारण लिहून येतं, ते कुणी वाचतच नाही. आणि मिथिक (डंजनचा अवघड प्रकार) शोधत असाल तर ते आपोआपच्या क्यूमध्ये नसतंच, त्याला प्रीमेड ग्रुपच्या (खेळाडूंनी स्वतः जमवलेल्या ग्रुपच्या) यादीत जावं लागतं.

आयटम लेव्हल भरली म्हणजे गिअर (अंगावरचं सामान) झालं, असं नसतं

आयटम लेव्हल म्हणजे सरासरी, आणि सरासरी आपल्याला शाळेपासून फसवत आलीये. गेम १६ जागा मोजतो. समजा तुमची प्रत्येक वस्तू १६० ची आहे पण एक ट्रिंकेटची (ताईतासारख्या वस्तूची) जागा रिकामी राहिली, तर आकडा थेट १५० वर येतो. दहा गेले, ते पण एका रिकाम्या चौकोनापायी. नवीन लोक आठवडाभर नवीन हेल्मेटच्या मागे धावतात आणि इकडे अंगठीची दुसरी जागा मोकळी असते. शर्ट आणि टॅबर्ड (चिलखतावरचा अंगरखा) मोजत नाहीत, त्यामुळे तिथे काही नसलं तरी टेन्शन नाही. दोन हातांचं शस्त्र दोनदा मोजलं जातं, म्हणून ते जुनं राहिलं तर दुप्पट नडतं.

याची उलटी बाजू पण आहे. कॅरेक्टरच्या पानावर आकड्यावर माउस न्या, एकूण सरासरी वेगळी आणि अंगावरची वेगळी दिसते, कारण बॅगेत पडलेली चांगली वस्तू पण एकूणमध्ये धरली जाते. म्हणजे बॅगेतल्या मालावर तुम्ही आत शिराल, पण मार खायची वेळ आल्यावर बॅग काय मदत करणार? घालायचं विसरू नका, बस.

वॉरियर असून, म्हणजे प्लेट चिलखतवाला असून, लेदर घालणारे पण बघितलेत. आकडा दोनने जास्त आहे म्हणून घातलं म्हणतात. अरे बाबा, आपल्याच प्रकारचं चिलखत डोक्यापासून पायापर्यंत असेल तर मेन स्टॅटला (पात्राच्या मुख्य ताकदीला) ५ टक्के बोनस मिळतो, एक तुकडा वेगळा घातला की तो गेला. (हे मॉडर्न वॉवचं सांगतोय, क्लासिकचं, म्हणजे जुन्या आवृत्तीचं, गणित वेगळं आहे.)

आणि तो लाल बाहुला. तो म्हणजे गिअर तुटलंय. मेलात की सामानाची झीज होते, पूर्ण तुटलेल्या वस्तूचे स्टॅट मिळतच नाहीत. क्यू लावायच्या आधी दुकानदाराकडे ऐरणीचं चिन्ह शोधा आणि सगळं रिपेअर मारा, दहा सेकंदांचं काम आहे.

कंट्रोल: इथे खरी बोंब आहे

मी तीन महिने 'ए' आणि 'डी' वर गोल गोल वळत खेळलो. डिफॉल्ट तसंच येतं, 'ए-डी' ने वळणं आणि 'क्यू-ई' ने आडवं सरकणं. कीबोर्डने वळताना माणूस बैलगाडीसारखा फिरतो, पायाखाली आग लागली की तुम्ही वळेपर्यंत मेलेले असता. 'ए-डी' वर स्ट्रेफ (ते आडवं सरकणं) ठेवा, वळायचं काम उजवं बटण दाबून माउसने करा. मग 'क्यू' आणि 'ई' रिकामे होतात, त्यांच्यावर दोन महत्त्वाच्या स्किल टाका, एक इंटरप्ट (शत्रूचा मंत्र मधेच तोडणारी) आणि एक जीव वाचवणारी. 'एस' ने मागे चालणं तर विसराच, मागची चाल खूप हळू असते, वळा आणि पळा. दोन-तीन दिवस हात चुकतील, चिडचिड होईल, मी तर एकदा सगळं रिसेट पण करून टाकलं होतं, पण परत त्यावरच आलो.

लॅपटॉपच्या टचपॅडवर खेळणाऱ्यांना काय सांगू. आधी साधासा माउस घ्या, मग पुढचं बोलू.

हीलर लोकांची वेगळी गंमत. मी हील करायचो तेव्हा ग्रुपचे हेल्थ बार डावीकडे वरच्या कोपऱ्यात होते आणि आग लागायची स्क्रीनच्या मध्यभागी. नजर कोपऱ्यात, पाय आगीत. सगळ्यांना वाचवून स्वतः मरणारा हीलर म्हणजे मी. एस्केप दाबून एडिट मोडमध्ये जा आणि ते बार ओढून आपल्या पात्राच्या जरा खाली आणून ठेवा. मग सेटिंगमध्ये क्लिक-कास्टिंग चालू करा, म्हणजे आधी माणूस निवडा मग हील दाबा ही डबल मेहनत वाचते, बारवर माउस न्यायचा आणि क्लिक. याच्यासाठी वेगळा अॅडऑन लागतो असं अजून बरेच जण समजतात, लागत नाही.

आता विंडोजचा त्रास. शिफ्टला धरून स्किल ठेवल्या असतील तर पाचदा पटापट शिफ्ट दाबलं की स्टिकी कीजची खिडकी येते, आणि ती नेमकी बॉसच्या शेवटच्या दोन टक्क्यांना येते, हा नियमच आहे. सेटिंगमध्ये जाऊन तो शॉर्टकट कायमचा बंद करा. आपल्या मराठीवाल्यांना अजून एक, मशीनवर मराठी कीबोर्ड टाकलेला असेल तर अल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबलं गेल्यावर भाषा बदलू शकते. मी रेडी लिहायला गेलो आणि चॅटमध्ये भलतंच काहीतरी उमटलं, समोरच्याला वाटलं मांजर कीबोर्डवर बसलं. भाषा बदलायचा तो शॉर्टकट पण काढून टाका.

पिंग आणि वेळ

भारतातून बरेच जण युरोपच्या सर्व्हरवर खेळतात. माझं नाशिकहून पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास असतं, आणि त्यात आरामात खेळता येतं. फक्त एक सवय लावा, आधीची स्किल पूर्ण संपायची वाट बघू नका. शेवटच्या ४०० मिलिसेकंदांत पुढचं बटण दाबलं तरी गेम ते रांगेत धरतो. वाट बघत बसलात तर प्रत्येक वेळी पिंगचा दंड भराल.

क्यू लागत नाही म्हणून रडणाऱ्यांनी घड्याळ बघा. जर्मनीत रात्रीचे ८ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात साडेबारा, उन्हाळ्यात साडेअकरा. दुपारी तीनला डीपीएसची क्यू लावून अर्धा तास बसलात तर त्यात सर्व्हरचा दोष नाही, तिकडचे लोक ऑफिसात आहेत. मी शनिवारी-रविवारी दुपारनंतर खेळतो, तेव्हा तिकडे सकाळ होऊन लोक आलेले असतात, आणि रात्री एकला 'अजून झोपला नाहीस?' हे आईकडून ऐकावं लागत नाही.

मिथिक प्लसला कुणी घेतच नाही

मिथिक प्लस म्हणजे घड्याळ लावून खेळायचं मिथिक. प्रीमेडच्या यादीत एका वेळी पाच ठिकाणी अर्ज टाकता येतो, त्यामुळे एकाच ग्रुपकडे आशेने बघत बसू नका, पाचही टाका. लीडर आयटम लेव्हलचा आकडा आणि रेटिंग बघून घेतो, नव्या डीपीएसला नकार येणारच, मनाला लावून घेऊ नका. त्यापेक्षा स्वतःची की (मिथिक प्लस सुरू करायची किल्ली) असेल तर स्वतःच ग्रुप काढा, लीडर तुम्ही, निवड तुमची. वर्णनात स्पष्ट लिहा की शिकायला चाललोय, घाई नाही. आणि एकदा डंजन सुरू झालं की मधे उठून जेवायला जाऊ नका, वेळ हुकली तर ज्याची किल्ली आहे त्याची ती एक पायरी खाली जाते. माझ्या कीमध्ये एक जण दुसऱ्या बॉसनंतर 'पाच मिनिटं, कुकर लावलाय' असं लिहून गेला तो परत आलाच नाही.