मोरचूद, हलकं पाणी आणि शेततळ्यातले मासे

डोंगरउतारावर शेततळं आणि त्याच्या वरच्या अंगाला पोफळीची बाग, असं कोकणात खूप ठिकाणी दिसतं. तुमचंही तसंच असेल तर यंदा बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) सोडण्याआधी तळ्याच्या पाण्यात साबण चोळून बघा. भराभर फेस आला आणि कितीही धुतलं तरी हात बुळबुळीतच राहिले, तर पाणी हलकं आहे. पावसाचं पाणी जांभ्यावरून येतं, आणि जांभ्यात चुना जवळपास नसतोच. प्लास्टिकचं अस्तर असलेल्या तळ्यात तर पाणी मातीलाही लागत नाही.

प्यायला गोड लागणारं हे पाणी, त्यात मोरचुदातलं (कॉपर सल्फेटमधलं) तांबं उतरलं की, माशांना महागात पडतं. कॅल्शियम भरपूर असलं की ते कल्ल्यांवरच्या जागा अडवून बसतं आणि तांब्याला आत शिरायला वाव कमी मिळतो. हलक्या पाण्यात ही अडवणूक नसते. त्यात सामू (pH) उतरला, म्हणजे पाणी आम्ल झालं, की तांबं विरघळलेलंच राहतं. म्हणून जेवढ्या तांब्याने घाटमाथ्यापलीकडच्या जड पाण्यात काही बिघडत नाही, तेवढंच इथे मासा मारू शकतं. मासा वाचला तरी ते यकृतात साठत जातं; मांसात त्यामानाने कमी.

हे तांबं येतं कुठून? कोळेरोगासाठी, म्हणजे सुपारी गळवणाऱ्या बुरशीच्या रोगासाठी, पावसाच्या तोंडावर एक आणि पुढे 40-45 दिवसांनी दुसरी अशी 1 टक्का बोर्डोची (मोरचूद आणि चुन्याच्या मिश्रणाची) फवारणी होते. म्हणजे 100 लिटरला 1 किलो मोरचूद. फवारणी सोडा असं मी म्हणणार नाही, सुपारी गळाली तर मासे घेऊन काय करायचं? पण बाग आणि तळ्याच्या मध्ये आडवा चर काढा. पिंप आणि पंप धुतलेलं पाणी पाटात ओतू नका. खरा घात तिथेच होतो.

मातीच्या तळ्यात गाळाचा सामू 5 ते 6.5 असेल तर बोटुकली सोडण्याच्या दोनेक आठवडे आधी गुंठ्याला साधारण 10 किलो चुनखडीची भुकटी पसरा. अस्तराच्या तळ्यात चुना ओढून घ्यायला गाळ नसतो, तिथे थोडी थोडी टाकून सामू बघत राहा. मासे असताना कळीचा चुना टाकू नका, सामू एकदम चढतो.

शेवाळ आलं म्हणून कुणी मोरचूद टाकायला सांगितलं, तर आधी पाण्याची अल्कलिनिटी (आम्ल झेलून सामू टिकवायची ताकद) तपासा. लिटरला 50 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर मोरचुदाला हात लावू नका. 100 असेल तर 1000 लिटरला 1 ग्रॅम, त्याहून जास्त नाही.